दहावीचा अभ्यास: सगळे विषय रोज घ्यायचे की आलटून पालटून?

नंदनवनची_आई
नमस्कार. मुलगी दहावीला आहे. स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. सहामाहीत बीजगणितात 40 पैकी 34, भूमितीत 33. पण इतिहास-राज्यशास्त्रात 14, भूगोलात 17 आणि मराठीत 80 पैकी 46. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून टाइमटेबल केलं, रोज प्रत्येक विषयाला 40 मिनिटं. कपाटाच्या दारावर चिकटवलं. तिसऱ्याच दिवशी मोडलं.

सकाळी 7 ते 9 ट्यूशन, दुपारी शाळा, साडेपाचला सुटते. हाती राहतात संध्याकाळचे तीन-साडेतीन तास. भूमितीत जरा डोकं लागलं की विज्ञानाचं पुस्तक काढायची वेळ होते. काल तर सर्कलच्या धड्यातल्या टँजंटच्या एकाच गणितावर दीड तास बसली आणि इतिहासाचं पुस्तक उशीपाशी तसंच ठेवून झोपून गेली.

मी बारावी शिकलेली, घरी शिवणकाम करते. तिचं गणित मला समजत नाही. पण पोरगी जीव तोडून मेहनत करून राहिली आणि ती मेहनत भलत्याच जागी जाऊन राहिली, एवढं मला दिसतं. वेळ वाटायचा कसा?

महालचे_निवृत्त_सर
ताई, मी 27 वर्षं भूगोल-इतिहास शिकवला. आधी गुण मोजा. सहा विषयांचे 600, त्यातले 300 तीन भाषांचे. टक्केवारी उत्तम पाच विषयांवर, 500 पैकी निघते. एक भाषा गळाली तरी दोन राहतातच, म्हणजे 200 गुण. आणि मुलं भाषेला देतात रविवारचा अर्धा तास! याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं, भूमितीचा पेपर 40 चा, भूगोलाचाही 40 चाच. 33 चे 37 करायला जेवढा घाम गाळावा लागतो, त्याच्या निम्म्यात 17 चे 28 होतात. दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझीलची तुलना. धडा तीनदा वाचून ती डोक्यात बसत नाही. दोन्ही देशांचे कोरे नकाशे शेजारी शेजारी ठेवायचे आणि पुस्तक मिटून नद्या, पिकं, लोकवस्ती भरायची. नकाशा भरता आला की भौगोलिक कारणं आपोआप लिहिता येतात.

टाइमटेबल दिवसाचं नको, आठवड्याचं करा. रोज दोनच विषय, फार तर तीन. आणि आवडीचा विषय शेवटी. चहा घेऊन बसली की आधी इतिहास, भूगोल नाहीतर मराठी. गणित ती झोप आली असली तरी सोडवेल, इतिहास नाही उघडणार. एखादं गणित 20 मिनिटांत सुटलं नाही तर पेन्सिलीने खूण करून पुढे जायचं. सकाळची ट्यूशन त्याचसाठी आहे.

मानेवाडा_अकरावी
काकू, मागच्या वर्षी माझंही मराठीत असंच झालं होतं. धडे-कविता पाठ, पण उपयोजित लेखन कधी लिहूनच पाहिलं नव्हतं आणि कृतिपत्रिकेत ते 24 गुणांचं असतं. मग एक दिवसाआड घड्याळ लावून एक पत्र नाहीतर बातमी लिहायला लागले आणि मॅडमकडून तपासून घेतली. फक्त वाचून हे जमत नाही.

हिंगणा_रोड
सरांचं बाकी सगळं पटलं, पण गणित रोज हवंच. माझ्या मुलाने चार दिवस सोडलं तर साध्या बेरजा चुकायला लागल्या. रोज चार गणितं तरी सोडवायला लावा. आणि बोर्डाचा पेपर सकाळी 11 ला असतो. रविवारी त्याच वेळेला बसवून दोन तासांचा एक पेपर पूर्ण लिहून घ्या.

महालचे_निवृत्त_सर
बरोबर आहे भाऊ. शेवटी म्हणजे रोज शेवटी, आठवड्यातून एकदा नव्हे.

नंदनवनची_आई
सर, भाऊ, बेटा, मनापासून आभार. कपाटावरचा कागद काढला. आज साडेसहाला तिने आधी भूगोल घेतला. मी ब्लाउजला हातशिलाई करत शेजारीच बसले होते. नकाशा भरता भरता म्हणते, "आई, ॲमेझॉन पश्चिमेकडून पूर्वेला जाते, मग आपली नर्मदा उलटी काऊन जाते?" मला सांगता आलं नाही. तिनंच पुस्तक धुंडाळलं आणि खचदरी म्हणजे काय ते मला कागद दुमडून दाखवलं. सव्वाआठला भूमिती काढली. ते टँजंटचं गणित आजही अडलं. वीस मिनिटं झाल्यावर तिनं स्वतःहून पेन्सिलीने गोल केला आणि वही सकाळच्या पिशवीत टाकली.