बीएमआय २६.२ : एक कॅल्क्युलेटर म्हणतो ‘थोडं जास्त’, दुसरा थेट ‘लठ्ठ’. कोणाचं धरायचं?

साधासरळ
वय ४१, पुरुष, उंची १६८ सेंमी, वजन ७४ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय २६.२ येतो, एवढं कळलं. एका ठिकाणी हा आकडा ‘जास्त वजन’मध्ये बसतो, दुसरीकडे ‘लठ्ठपणा’त. पँट ३४ नंबरची, म्हणजे कंबर ८६ सेंमी धरतो. काळजी करायची की नाही? आणि वजन कमी करायचंच तर किती?

मोजपट्टी
दोन्ही बरोबर आहेत, तक्ते वेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ ठीक, २५ पासून जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. पण दक्षिण आशियाई लोकांत तेवढ्याच बीएमआयला चरबी जास्त नि स्नायू कमी असतात, आणि मधुमेहही कमी वजनावरच गाठतो. म्हणून संघटनेच्याच तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. भारतातले डॉक्टर बहुधा २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. तुम्ही हाच तक्ता पाहा.

त्याआधी उंची पुन्हा मोजा. ओळखपत्रावरची जुनी उंची चालत नाही. सूत्रात उंचीचा वर्ग आहे, त्यामुळे तिथली चूक साधारण दुप्पट होऊन बाहेर येते: १६८ ऐवजी १६५ निघाली तर तेच ७४ किलो २७.२ दाखवतील. अनवाणी उभं राहा, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं धरून भिंतीवर खूण. दिवसभरात मणका थोडा दबतो, संध्याकाळी सेंटीमीटरभर फरक पडू शकतो, तेव्हा सकाळीच मोजलेलं बरं.

जाता जाता: हे गुणोत्तर केटले या बेल्जियन गणितज्ञाने १९ व्या शतकात मांडलं ते लोकसमूहांचा अभ्यास करताना. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी रूढ केलं. एकेका माणसाची चरबी ठरवायला हे सूत्र बनलेलंच नाही. ती चाळणी आहे. वर राहिलेला दाणा हातात घेऊन बघावा लागतो.

कमरेचा_घेर
आणि तो बघायचा टेप लावून. पँटचा नंबर विसरा. पँट पोटाच्या खाली बसते आणि कंपन्या मापात सढळ असतात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड, दोन्ही बाजूने चाचपा. त्यांच्या बरोबर मध्ये टेप, जमिनीला समांतर. पोट आत ओढायचं नाही. सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. टेप त्वचेत रुतायला नको. दोनदा मोजा, सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीपासून धोका धरतात. त्याहून सोपं: घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. तुमच्यासाठी ८४.

साधासरळ
९५ आला! उंची १६८ च आहे. आता सांगा, काय आणि किती? यापूर्वी तीन-चार किलो उतरले की काटा हलायचाच थांबतो आणि मग सगळं परत येतं, हे का होतं?

मोजपट्टी
६५ किलोचं (बीएमआय २३) लक्ष्य आत्ताच ठेवू नका. पहिला टप्पा ५ टक्के, म्हणजे साधारण पावणेचार किलो. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर सहसा सुधारते. घाई नको, आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाला.

तुमच्या वयाला, वजनाला नुसतं पडून राहायला रोज १५९० च्या आसपास कॅलरी लागतात (मिफ्लिन-सेंट जेऑर सूत्राने). थोडी हालचाल धरली तर २१०० ते २२००. त्यातून ४०० ते ५०० कमी करा. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, त्यामुळे हिशोब साधारण जुळतो.

काटा का थांबतो? सुरुवातीला भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं: साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते आधी जातं. पुढे शरीर हलकं झाल्याने खर्च घटतो, नकळत हालचालही कमी होते, भूक मात्र वाढते. आणि मापं सैल पडतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. दोन चमचे ‘अंदाजाने’ पडले की तूट निम्मी संपली. आठवडाभर घटकपदार्थ वजन करून मोजा, बहुतेकांचं कोडं तिथेच सुटतं.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी. काटा कडक फरशीवर. बघायची ती सात दिवसांची सरासरी, एका दिवसाचा आकडा नाही. खारट जेवणानंतर एका रात्रीत किलोभर वाढलेला दिसतो, ती चरबी नसते.

लोखंडी_दंड
नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वजन परत येतं ते बहुतांशी चरबी होऊन. म्हणून आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम: पाय, पाठ, छाती, खांदे, सगळे मोठे स्नायू. शिवाय १५० ते ३०० मिनिटं झपझप चालणं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या वेगाने. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे रोज ९० च्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच.

लक्ष्य गाठल्यावर एकदम पूर्वीच्या खाण्यावर जाऊ नका. दर आठवड्याला रोजच्या खाण्यात १०० कॅलरी वाढवत वजन स्थिरावेल तिथे थांबा. सरासरी दोन किलोंनी वर गेली की लगेच पुन्हा मापं घट्ट करा. पाच-सहा किलो वाढेपर्यंत थांबलात तर सगळं पहिल्यापासून.

कमरेचा_घेर
हे वाचणाऱ्या इतरांसाठी: गरोदरपणात, अंगावर सूज असताना आणि कमावलेल्या शरीराच्या खेळाडूंना हा तक्ता लावू नका. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार वेगळ्या आलेखावर बघतात. उतारवयात स्नायू झिजून चरबी वाढते, त्यामुळे ‘ठीक’ आकडाही फसवू शकतो.

साधासरळ, घेर ९५ आहे तेव्हा रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि काहीच न करता सहा महिने-वर्षात ५ टक्के वजन उतरलं तर आनंद मानू नका, तपासणी करा.