ऑइल गळतीचं कोटेशन ३०,४४४ : सगळं एकदम उघडायचं की आधी धुऊन बघायचं?

कच्ची_पावती
२०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चेनवालं इंजिन, ९२ हजार किमी. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रात्रभरात रुपयाएवढा डाग पडतो. कोटेशन असं:
टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) पॅकिंग ७००, मजुरी १,२००
टायमिंग कव्हर (चेनवरचं झाकण) काढून पुन्हा सील करणं ९००, मजुरी ६,५००
मागचं क्रँक ऑइल सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं) ९००, मजुरी ६,०००
क्लच सेट ५,८००
ऑइल चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) सील, मजुरी १,८००
ऑइल आणि फिल्टर २,०००
बेरीज २५,८००, त्यावर १८% जीएसटी, एकूण ३०,४४४. माझं मत असं की गळती एक आहे आणि औषधं पाच दिली आहेत. हे कोटेशन घ्यावं का?

टॉर्क_पाना
नाही. या कागदावर गळती कुठून होते हेच लिहिलेलं नाही, आणि तीच पहिली ओळ हवी होती. ऑइल वरून निघतं, ओघळत खाली येतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑइल नेमकं बेलहाउसिंगच्या (इंजिन-गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं कवच) तळाशी येऊन टपकतं आणि सगळे मागच्या सीलवर बोट ठेवतात. ७०० रुपयांचं पॅकिंग आणि ६,००० ची मजुरी यांच्यात गल्लत होते ती इथेच.

अल्टरनेटर आणि कनेक्टर प्लास्टिकनं झाका, थंड इंजिनवर डीग्रीझर मारून ब्रशनं धुवा. प्रेशर गन नको, कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. मग ऑइलमध्ये युव्ही डाय (युव्ही उजेडात चमकणारा रंग) टाका, ५०-१०० किमी चालवा आणि रॅम्पवर अंधारात युव्ही टॉर्च फिरवा. ज्या सर्वांत वरच्या जागी पिवळट-हिरवं चमकेल, गळती तिथली. टॉर्च वरून खाली न्यायचा, उलट नाही.

रॅम्पवाला
डाय टेस्ट बरोबरच आहे, पण दुसरी बाजूही बघा. ९२ हजारांवर रबर कडक झालेलं असतं. आज टॅपेट कव्हर केलं, सहा महिन्यांनी मागचं सील सुटलं, तर गाडी दोनदा उभी राहणार, ऑइल दोनदा जाणार. सील ९०० चं आहे, पैसे गिअरबॉक्स उतरवण्याचे आहेत. तो उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे क्लचचे भाग हातात येतात. तेव्हा जुना क्लच परत बसवणं म्हणजे वर्षभरात तीच ६,००० मजुरी पुन्हा भरणं. गॅरेज लुबाडतंय असं लगेच धरू नका.

टॉर्क_पाना
गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर क्लचचं मान्य. पण तो उतरवायचा की नाही, हाच तर प्रश्न आहे. बेलहाउसिंगमधलं तेल इंजिनचंच कशावरून? गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं तरी तिथेच ओलं होतं. बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइल काळं आणि जळकट. डाय तर इंजिन ऑइलमध्येच टाकलाय, त्यामुळे चमकलं नाही तर तेल गिअरबॉक्सचं, उत्तर तिथेच मिळालं.

पॅकिंग_सील
दोघांकडूनही सुटलेली गोष्ट म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनच्या आतल्या वायूंना वाट देणारा. तो चोंदला की क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) दाब वाढतो आणि चांगली सीलंही ऑइल बाहेर फेकतात. इंजिन आयडलला ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढा, तोंडावर कागद ठेवा. हलकासा खेचला गेला तर ठीक. फडफडत वर उडाला तर आधी व्हॉल्व्ह आणि नळी बघा. व्हॉल्व्ह ठीक असूनही दाब असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात, कॉम्प्रेशन तपासा. याकडे न बघता नवं सील बसवलं तर तेही गळणार आणि दोष सीलला लागणार.

आणि कोटेशनची मजुरी नीट वाचा. चेनवाल्या बहुतेक इंजिनांत टायमिंग कव्हर काढायचं तर टॅपेट कव्हर काढावंच लागतं, चेंबरही उतरवावं लागतं. ६,५०० मध्ये ते काम आलंच. म्हणजे १,२०० आणि १,८०० दुसऱ्यांदा लावलेत, ३,००० सरळ कमी व्हायला हवेत.

कच्ची_पावती
करावरही शंका आहे. पार्टचे दर एमआरपीचे असतील तर?

पॅकिंग_सील
तर त्यावर जीएसटी पुन्हा लावता येत नाही, एमआरपीत कर धरलेलाच असतो. १०,३०० चे पार्ट, म्हणजे १,८५४ जास्त. दर करापूर्वीचे असतील तर १८% बरोबर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८% आहे, जुन्या सॉफ्टवेअरवर २८% छापून आलं तर थांबवा. पार्ट नंबर आणि डब्याचा फोटो मागा.

घाटमाथा
एवढ्या तपासण्यांत महिना घालवू नका, एवढंच सांगतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइल पडत असेल, केबिनमध्ये जळका वास येत असेल, तर आग लागू शकते. गाडी त्याच दिवशी दाखवा. मागचं सील खरंच गेलं असेल तर ऑइल क्लच प्लेटवर जातं आणि घाटात पहिल्या गिअरला क्लच थरथरतो, घसरतो. तोवर दर ५०० किमीला सपाट जागी डिपस्टिक बघा. छोट्या इंजिनांत मिन ते मॅक्स म्हणजे साधारण एक लिटर, त्यामुळे किती जातंय ते पक्कं कळतं. लीक थांबवणाऱ्या बाटल्या नकोत. त्या रबर फुगवतात, सिलिकॉन सीलंटच्या जोडाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

रॅम्पवाला
कमी मजुरीत घाईनं केलेलं कामही महागात पडतं, तेही लिहितो. टायमिंग कव्हर आणि चेंबरला रबर पॅकिंग नसतं, सीलंट असतो. जुना थर प्लास्टिकच्या पट्टीनं काढायचा, ॲल्युमिनियमवर पातं फिरवलं की चरा पडतो आणि तिथूनच गळतं. ब्रेक क्लीनरनं पुसून सुमारे ३ मिमीची अखंड धार, बोल्टच्या आतल्या बाजूनं. जास्त ॲनाबॉन्ड (सीलंटचा ब्रँड) थापला की तो आत निघतो, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि मग गळतीचं काम इंजिनवर बेततं. सीलंट सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा, संध्याकाळी भरून लगेच गाडी देऊ नये. टॅपेट कव्हरचे बोल्ट अंगच्या जोरानं आवळले की कव्हर वाकतं. टॉर्क पान्यानं, मधून बाहेर आवळत जायचं. हे सगळं करणारा माणूस ६,५०० मागतो तेव्हा ते जास्त नाहीत.

टॉर्क_पाना
त्या मजुरीला हरकत नाहीच. हरकत आहे ती न बघता पाचही कामं एका कागदावर लिहिण्याला. आधी फक्त धुणं आणि डाय यांचे पैसे ठरवा. चमक टॅपेट कव्हरला दिसली तर पॅकिंग आणि मजुरी मिळून कराआधी १,९०० त भागतं. चमक फ्लायव्हीलमागे, म्हणजे मागच्या सीलपाशी दिसली तर रॅम्पवाल्यांचं ऐका, सीलसोबत रिलीज बेअरिंग बदलाच. क्लच प्लेट मात्र उतरवल्यावर डोळ्यांनी बघून ठरवा. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पातळीला आली नसतील आणि प्लेटला ऑइल लागलेलं नसेल तर ५,८०० कशाला घालायचे?

रॅम्पवाला
कारण ९२ हजारांवर उरलेलं अस्तर किती टिकेल याची खात्री कुणी देत नाही, आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचे ६,००० तुम्ही भरणार नाही, गाडीवाला भरणार. क्लच सेट कोटेशनमध्ये राहू द्या, फक्त त्यापुढे 'उघडल्यावर दाखवून' असं लिहून घ्या.