सोलापूर विद्यापीठाने संशोधनासाठी हात आधी कुणाशी मिळवावा?

केगावकर:
आपलं विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं, तेही एकाच जिल्ह्यासाठी. विद्यापीठ ज्या केगावात, ज्या पुणे रस्त्यावर आहे, तिथेच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कोरडवाहू शेतीवर सोलापुरात १९३३ पासून संशोधन चालतं. रब्बी ज्वारीचं केंद्रही इथेच. माझं मत स्पष्ट आहे: विज्ञानाच्या प्रत्येक विभागाने पहिला संयुक्त प्रकल्प या शेजाऱ्यांबरोबर करावा, परदेशी विद्यापीठांशी करार त्यानंतर.

डाळिंबावरचा तेल्या घ्या. हा जिवाणूमुळे होणारा रोग, पावसात भडकतो, म्हणून मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरणारा सगळ्यात जास्त धास्तावलेला असतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने जिवाणू वेगळा करावा, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने फवारणीचे अंश तपासावेत, संगणकशास्त्राच्या मुलांनी पानांच्या फोटोंवरून रोग लवकर ओळखायचा प्रयत्न करावा. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याला सकाळच्या एसटीने जाऊन नमुने घेऊन संध्याकाळी परत येता येतं. पीएचडीच्या मुदतीत तीन-चार बहार डोळ्यांसमोरून जातात. ही सोय कोणत्या परदेशी प्रयोगशाळेत आहे?

पातळ_थर:
पूर्ण असहमत. मी सौर घटांसाठी पातळ थरांवर पीएचडी करतोय. डाळिंब केंद्राबद्दल आदर आहे, पण माझ्या कामात ते काय करणार? मला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. देशभरातली उपकरणं शोधायला आय-स्टेम पोर्टल २०२० पासून आहे, हे खरं. पण वेळ मिळून नमुना तपासून आला, तरी त्याची प्रतिमा कशी वाचायची हे शेजारी बसून सांगणारा माणूस लागतो. तो सहकार्यातूनच मिळतो, मग तो मुंबईचा असो की कोरियातल्या सोलचा. कोल्हापूर-सोलापूरची कितीतरी मुलं कोरियात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करतात, ती अशाच ओळखींवर. 'आधी शेजारी' असा नियम केलात तर आमची पाच वर्षं रांगेतच जातील.

ढगाळ:
पातळ_थर यांच्याशी सहमत, आणि उदाहरण सोलापूरचंच देतो. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथेच कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानं, रडार, २७६ ढगांचा अभ्यास. प्रश्न आपला होता, पण विमान बाहेरूनच आणावं लागलं.

केगावकर:
@ढगाळ, विमान बाहेरून यावं, माझी हरकत नाही. पण असा प्रयोग इथे होतो तेव्हा आपले किती विद्यार्थी त्या आकडेवारीवर बसतात, हे विद्यापीठाने आधीच ठरवून मागायला हवं. नाहीतर आपण फक्त आभाळ पुरवणार.
@पातळ_थर, तुमच्या विषयाला सवलत मान्य. नियम नको, पण विभागाचा पहिला पैसा कुठे जातो याचा क्रम तरी लावू या.

तासिका:
मी संलग्न महाविद्यालयात शिकवते. तुमचे दोन्ही रस्ते माझ्यासाठी बंद आहेत. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन, वर पेपर तपासणी, नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली. केगावला जायलाही दुपार मोकळी नसते, कोरिया तर दूरच. सहकार्याच्या करारात शिक्षकाच्या तासिका कमी करण्याचं कलम नसेल, तर मला तो करार दाखवूच नका.

पातळ_थर:
ताई, हे मात्र शंभर टक्के पटलं.

हस्त_बहार (सांगोला):
आमची बाग प्रयोगाला घ्या की. चार ओळी देतो, नुकसान झालं तरी चालेल. दोन अटी: निष्कर्ष मराठीत लिहून द्यायचा, आणि पुढचा बहार धरायच्या आत. याआधी एक पोरगा पानं तोडून घेऊन गेला, त्यात काय सापडलं ते आजवर कुणी कळवलं नाही.