मदत हवी आहे: ड्रॉप्सने अश्रूंचा थर सावरतो, पण टिकत नाही

बाष्पीभवनामुळे होणाऱ्या ड्राय आयची केस आहे. शर्मर चाचणीत (पापणीत ठेवलेली कागदाची पट्टी किती भिजते ते पाहतात) 5 मिनिटांत 14 मिमी, म्हणजे पाणी पुरेसं आहे. पण फ्लोरेसीन हा चमकणारा रंग लावून निळ्या प्रकाशात पाहिलं, की 4 सेकंदांतच थर फाटून काळे ठिपके दिसतात. पापणीची कड दाबली तर मायबोमियन ग्रंथींतून (अश्रूंवरचं तेल याच सोडतात) टूथपेस्टसारखा घट्ट स्राव येतो.

सध्या 0.5 टक्के सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे कृत्रिम अश्रू), दिवसातून 6 वेळा. थर थोडा वेळ सावरतो, पुन्हा तेच. बाटलीत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे. ते डिटर्जंटसारखं वागून उरलासुरला तेलाचा थरही विस्कटतं. दिवसाला 4 पेक्षा जास्त वेळा घालायचं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नकोच, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं लिपिड इमल्शन (तेल असलेले ड्रॉप्स), सोबत 10 मिनिटं गरम शेक आणि पापणीला मसाज असा विचार आहे. दिवसा सीएमसीऐवजी हायलुरोनेटचे (ओलावा धरून ठेवणारे) ड्रॉप्सही द्यावेत का? दिले तर आधी कोणतं घालावं आणि मध्ये किती वेळ सोडावा? लागोपाठ घातलं तर पहिलं गालावरच ओघळतं. शिवाय फेरतपासणीच्या किती तास आधी ड्रॉप्स थांबवायला सांगता? नाहीतर मोजमाप औषधाचंच होतं, डोळ्याचं नाही.