बिनपगारी गव्हर्नर: कॉलेजच्या बोर्डावर बसून खरंच काही हातात असतं का?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

धागा मुख्यतः इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी आहे, पण भारतातल्या मंडळींनीही बोलावं.

आमच्या गावच्या एफई (फर्दर एज्युकेशन) कॉलेजने गव्हर्नरच्या, म्हणजे बोर्डाच्या सदस्याच्या, दोन जागांसाठी अर्ज मागवलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोळाव्या वर्षी शाळा संपली की जी मुलं ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखं) जात नाहीत त्यातली बरीचशी या कॉलेजांत येतात. प्लंबिंग, गवंडीकाम, केशकर्तन, बालसंगोपन, मोटार दुरुस्ती, शिवाय बीटेक (आपली बी.टेक. पदवी नव्हे) आणि टी-लेव्हल या व्यावसायिक पात्रता. शिवाय अप्रेंटिस, आणि संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी मोठी माणसं. १ एप्रिल १९९३ ला ही कॉलेजं कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) ताब्यातून सुटली आणि प्रत्येकाची स्वतंत्र 'कॉर्पोरेशन' झाली. इमारती, नोकरदार, कर्ज, सगळं त्या बोर्डाच्या नावावर. बोर्डावरचे बाहेरचे सदस्य बिनपगारी. प्रवासखर्च तेवढा मिळतो.

अर्जाआधी त्यांनी कॉलेज दाखवलं. गवंडीकामाच्या वर्कशॉपमध्ये पोरं भिंती बांधत होती, ओळंबा लावून, अगदी कोपरे साधत. मसाला चुना-वाळूचा, सिमेंटशिवाय. का, तर तो पक्का धरत नाही. भिंत तपासून झाली की पाडायची, विटा खरवडायच्या आणि पुढच्या तुकडीला द्यायच्या. शिक्षक म्हणाले, विटांचा खर्च परवडत नाही. आता ही वर्कशॉप चालू ठेवायची की बंद करून तिथे जास्त मुलं बसवता येतील असा कोर्स काढायचा, हे बोर्डापुढे येतं. आणि त्या बोर्डाच्या टेबलाभोवती आपली माणसं जवळजवळ नसतात. निम्म्याहून जास्त मुलं आशियाई असलेल्या कॉलेजातही नसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यात अकाउंटंट, आयटीवाले, एनएचएसमधले (सरकारी आरोग्यसेवेतले) लोक ढिगाने आहेत. गणपतीच्या हॉलच्या बुकिंगपायी जेवढी फोनाफोनी करतो त्याच्या निम्मा वेळ इथे दिला तरी पुष्कळ. अर्ज करा.

---

खडूस_लेखापाल

तात्विक दृष्ट्या छान. आता व्यवहार बोलू.

जानेवारी २०१९ च्या अखेरीस एफई कॉलेजांना दिवाळखोरीचा कायदा लागू झाला. त्याआधी कॉलेज बुडायला लागलं की सरकार गुपचूप पैसे ओतायचं. आता कॉलेज रीतसर बुडू शकतं, आणि अशा वेळी गव्हर्नरला कंपनीच्या डायरेक्टरसारखं जबाबदार धरता येतं. पैसे फिटणार नाहीत हे कळत असूनही गाडा रेटत राहिलात तर वैयक्तिक दायित्वापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. ही पुस्तकी भीती नाही. त्याच वर्षी मे महिन्यात केंटमधलं हॅडलो कॉलेज प्रशासकांच्या हाती गेलं, देशातलं पहिलं. पाठोपाठ त्याच ग्रुपचं वेस्ट केंट अँड ॲशफर्ड. एफई कमिशनरच्या (कॉलेजांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) अहवालात बोर्डाचेही कान उपटले होते.

म्हणजे पगार शून्य, अधिकार नावापुरता आणि जबाबदारी डायरेक्टरची. असा सौदा तुम्ही तुमच्या अशिलाला करू द्याल का? मी देणार नाही.

---

पश्चिमवारा

@खडूस_लेखापाल, अधिकार नावापुरता कसा? प्रिन्सिपलची नेमणूक बोर्ड करतं, त्याला काढतंही बोर्डच. वार्षिक बजेट बोर्ड मंजूर करतं. आणि दायित्वाचं म्हणाल तर ते डोळे मिटून बसणाऱ्याला आहे. प्रश्न विचारला, मिनिट्समध्ये नोंदवून घेतला, सल्ला मागवला, त्याच्या मागे कोण लागतंय?

---

खडूस_लेखापाल

कॉलेजचं उत्पन्न बहुतांश सरकारी. दर मुलामागे किती द्यायचे ते शिक्षण खातं ठरवतं. कुठल्या पात्रतेला पैसे मिळतील तेही खातं ठरवतं. २९ नोव्हेंबर २०२२ ला सांख्यिकी कार्यालयाने कॉलेजांना परत सरकारी क्षेत्रात टाकलं, तेव्हापासून बँकेचं कर्ज काढायचं तरी खात्याची परवानगी. गंमत पुढे आहे. सरकारी म्हणून बंधनं आली, पण शाळांना जो व्हॅट परत मिळतो तो कॉलेजांना अजून मिळत नाही. विटा आणि पाइप घेताना वीस टक्के खिशातून. मग बोर्डाने 'मंजूर' केलं ते बजेट नक्की कोणाचं?

तीनशे पानांचा पीडीएफ आठवडाभर आधी येतो. त्यातल्या निम्म्या कागदांवर 'माहितीस्तव'. उरलेल्यांवर 'मान्यतेसाठी'. क्लायंटांच्या अशा बैठकांना मी बसलोय. चहा येतो, बिस्किटं येतात, ठराव पास होतो.

---

मेघना_ल

मी एका कॉलेजात ईसॉल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी, शिकवते आणि कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली गव्हर्नर आहे. बोर्डावर कर्मचारी आणि विद्यार्थी असावेतच असा नियम आहे. तेव्हा आतून सांगते.

खडूस यांचं पीडीएफबद्दलचं शंभर टक्के खरं. पण ठराव पास होतो तो बोर्ड ढिलं असेल तिथे. आमच्याकडे फायनान्स कमिटीत एक निवृत्त बाई आहेत, आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कंपनीत हिशेबात गेलेलं. त्या तीनशे पानांतलं पहिल्यांदा एकच पान उघडतात, रोख प्रवाहाचं. कॉलेजांना सरकारी हप्ते वर्षभर सारखे येत नाहीत, फेब्रुवारी-मार्चला तळ दिसतो. बाई दर बैठकीला विचारतात, मार्चअखेर हातात किती दिवसांचे पैसे? फायनान्स डायरेक्टरने एकदा आकडा जरा गोल करून सांगितला, तर त्यांनी वहीतून आधीच्या बैठकीचा आकडा वाचून दाखवला. पुढच्या वेळेपासून तो तक्ता दिवसांनिशी यायला लागला. हा अधिकार कायद्यात कुठे लिहिलेला नाही. त्यांनी तो वापरला म्हणून आला.

आता माझं दुखणं. कर्मचारी गव्हर्नर म्हणजे युनियनचा प्रतिनिधी नव्हे, हे दर वर्षी स्टाफरूममध्ये समजावून सांगावं लागतं. शाळेतल्या शिक्षकांचे पगार राष्ट्रीय पातळीवर ठरतात. कॉलेजच्या बाबतीत असोसिएशन ऑफ कॉलेजेस नुसती शिफारस करते, द्यायचं की नाही ते प्रत्येक कॉलेज बघतं. म्हणून तेच गणित शाळेत शिकवणाऱ्याला जास्त आणि आमच्याकडे कमी. आमच्या बोर्डाने मागे शिफारशीपेक्षा कमी वाढ दिली. मी विरोधात मत दिलं. स्टाफरूममध्ये तरी "तुम्ही तिथे करता काय?" हेच.

---

निवांत_नाना

@मेघना_ल, पगाराच्या ठरावाला तुम्हाला मत देता येतं? हितसंबंध आला ना.

---

मेघना_ल

@निवांत_नाना, सगळ्या कर्मचाऱ्यांचा किंवा एका अख्ख्या वर्गाचा प्रश्न असेल तर बसता येतं, मतही देता येतं. अट अशी की कॉलेजचं हित बघून बोलायचं. युनियनकडून वाटाघाटीला मीच बसले असते तर बाहेर जावं लागलं असतं. आणि माझ्याहून वरिष्ठांच्या पदाचा विषय निघाला तर बाकीचे ठराव करून मला बाहेर काढू शकतात. काढतातही. कॉरिडॉरमधलं व्हेंडिंग मशीन आता माझ्या ओळखीचं झालंय.

विद्यार्थी गव्हर्नरचं तर आणखी वेगळं. बहुतेक ठिकाणच्या नियमांत अठरा पूर्ण नसतील तर खर्चाच्या आणि कर्जाच्या ठरावांवर मत नाही. म्हणजे ज्या पोराची वर्कशॉप जाणार त्याने बोलायचं, मोजणीच्या वेळी हात खाली.

---

सातपूरकर

नाशिकहून लिहितोय. इथल्या एका सरकारी आयटीआयच्या आयएमसीवर, म्हणजे संस्था व्यवस्थापन समितीवर, काही वर्षं होतो. २००७-०८ पासून केंद्राने १३९६ सरकारी आयटीआय खाजगी भागीदारीत घेतले. अध्यक्ष उद्योगातला, प्राचार्य सदस्य सचिव. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज. कागदावर बघाल तर तुमच्या बोर्डाचाच चुलत भाऊ.

प्रत्यक्षात काय? निदेशकांची, म्हणजे शिकवणाऱ्यांची, नेमणूक आणि बदली सरकारकडे. पद रिकामं पडलं तर समिती ठराव करून पाठवणार, वर फाइल फिरणार. मशीन घ्यायला पैसे आहेत, चालवायला माणूस नाही. आम्ही एक चांगलं सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) घेतलं, त्यावर बराच काळ प्लास्टिकचं आवरण होतं. आवरण काढलं तेही पाहुणे येणार होते म्हणून.

म्हणून मला तुमच्याकडचं वाचून हेवा वाटतो. तुमचं बोर्ड माणूस नेमू शकतं आणि काढू शकतं. तेवढं आम्हाला असतं तर मी अजून समितीवर असतो. खडूसराव, तुम्ही ज्याला 'नावापुरता' म्हणता तो अधिकार इकडे पाठवून द्या, कुरियरचा खर्च माझा.

---

खडूस_लेखापाल

@सातपूरकर, मान्य. पण तुमच्याकडे बुडालं तर सरकारचं बुडतं. इथे बुडालं तर चौकशीत नाव गव्हर्नरांचं येतं. अधिकार जास्त दिला की जोखीमही दिली, मग मोबदला का नाही? स्कॉटलंडमध्ये प्रादेशिक कॉलेजांच्या बोर्डाच्या अध्यक्षाला मानधन आहे. तिथे आभाळ कोसळलं नाही. इंग्लंडात अडतं कुठे? धर्मादाय कायद्यात? परवानगी काढून देता येतं, फारसं कोणी मागत नाही एवढंच. फुकट माणूस मिळतोय तोवर कोण मागेल?

आणि फुकट म्हटलं की कोण येणार ते ठरलेलंच. ज्याचं घर फिटलंय, ज्याचा साहेब दुपारी चारला सोडतो, किंवा ज्याला सीव्हीत एक ओळ हवीय. गोदामात शिफ्ट करणारा बाप कधी येणार? पश्चिमवारा, 'आपली माणसं' म्हणून तुम्ही जी यादी दिलीत ती बघा. अकाउंटंट, आयटी, एनएचएस. यांची मुलं त्या वर्कशॉपमध्ये आहेत का?

---

आगाऊ_आत्या

शेवटचा प्रश्न झोंबला, कारण माझा मुलगा आहे त्या वर्कशॉपमध्ये. इलेक्ट्रिकल. आपल्या मंडळात कुणी विचारलं की पूर्वी "इंजिनिअरिंगला आहे" असं सांगून मोकळी व्हायचे.

तर आईच्या बाजूने ऐका. त्याला सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत गणितात '४', म्हणजे पास धरतात ती ग्रेड, मिळाली नाही. २०१४ पासून नियम असा की चार नसेल तर कॉलेजात गणित चालू ठेवावंच लागतं, नाहीतर कॉलेजचे त्या मुलाचे पैसे जातात. फेरपरीक्षेला बसणाऱ्यांत गणितात पास होणारे पाचांत एकही भरत नाहीत. माझा तिसऱ्यांदा बसतोय. वायरिंगमध्ये हुशार पोरगा, नोव्हेंबर आला की तोंड पाडून बसतो. गव्हर्नरांना हा नियम बदलता येतो का? नाही. मग त्यांना विचारायचं काय, हे मला कळत नाही. बोर्डावर मराठी माणूस असला काय आणि नसला काय.

---

पश्चिमवारा

@आगाऊ_आत्या, नियम बदलता येत नाही हे खरं. पण त्या नियमाखाली काय करायचं हे कॉलेजच्या हातात आहे. गणिताला पूर्णवेळ शिक्षक की एजन्सीचा दर महिन्याला बदलणारा? वर्गात पंचवीस की बारा? इलेक्ट्रिकलच्या मुलांना गणित वर्कशॉपशेजारी की दुसऱ्या इमारतीत, शुक्रवारी दुपारी चारला? क्वालिटी कमिटीपुढे हजेरीचे आकडे येतात. तिथे कोणी विचारलं नाही की शुक्रवारची हजेरी इतकी कमी का, तर ते वेळापत्रक पुढच्या वर्षीही तसंच छापलं जातं. हे विचारायला तुमच्याएवढं लायक कोण आहे? अर्ज तुम्हीच करा.

@खडूस_लेखापाल, मानधनाच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला आलो. निदान बुडालेली शिफ्ट आणि पाळणाघराचा खर्च तरी द्यावा. पण मानधन मिळेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवायची, हे पटत नाही. खुर्ची रिकामी राहत नाही. ओळखीतला कोणीतरी बसतो.

---

आगाऊ_आत्या

शुक्रवारीच असतं. तीन ते साडेचार. तुम्हाला कसं कळलं?

---

मेघना_ल

@आगाऊ_आत्या, सगळीकडे तेच असतं. गणिताचे शिक्षक कमी, आधी मोठ्या कोर्सेसचं वेळापत्रक भरतं, उरलेल्या फटीत फेरपरीक्षेचे वर्ग.

अर्ज कराच. फक्त एक आधीच सांगते. मुलाचं नाव घेऊन बोर्डात बोलता येणार नाही. 'माझ्या मुलाला' म्हटलंत की चेअर तुम्हाला तक्रारीची प्रक्रिया सांगतील. 'स्तर दोन इलेक्ट्रिकल, शुक्रवारची हजेरी, बाकी वारांशी तुलना' असं मागा. आणि बैठकीत हात वर करून मागू नका. क्लार्कला, म्हणजे बोर्डाच्या सचिवाला, आधी ईमेल टाका, म्हणजे तो कागद अजेंड्यावर येतो आणि कोणाला तरी त्यावर सही करून उत्तर द्यावं लागतं.

---

खडूस_लेखापाल

आत्या, तुम्ही जाणारच असाल तर होकार कळवायच्या आधी चार गोष्टी मागवा: मागच्या दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, ऑडिटरचं व्यवस्थापनाला लिहिलेलं पत्र, बँकेच्या अटी पाळल्या जातायत का त्याची नोंद, आणि गव्हर्नरांसाठी विमा आहे का. द्यायला खळखळ केली तर अर्ज मागे घ्या. दिले तर मला पाठवा, मी वाचून देतो. फी नाही.

---

सातपूरकर

खडूसराव, हे बिनपगारीच झालं की!

---

खडूस_लेखापाल

बोर्डावर बसत नाहीये. मत बदललेलं नाही.