नानावटीवर अजून किती वेळा टाळ्या वाजवायच्या?

तिरकस_तात्या (धागाकर्ता)

परवा दीपस्तंभ यांनी 'रुस्तम' पुन्हा पाहिल्याचं लिहिलं. अक्षयकुमारचा हा सिनेमा नानावटी खटल्यावरचा: नौदलातल्या कमांडर नानावटीने बायकोच्या प्रियकराला, आहुजाला, गोळ्या घातल्या तो खटला. त्यातली तीन वाक्यं डकवतो: "सत्यघटना आहे म्हणून जास्त भिडतो. दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्याला असाच धडा शिकवला पाहिजे. मराठीत कुणाची हिंमत आहे का असा विषय घ्यायची?" तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो, पण लांबला. म्हणून वेगळा धागा.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. मधुसूदन कालेलकरांचं 'अपराध मीच केला' याच खटल्यावर बेतलेलं. अक्षयकुमार शाळेतसुद्धा नव्हता तेव्हाचं. आमच्या कॉलनीत गणपतीत ते बसवलं होतं आणि कमांडर माझा काका होता. पांढरा गणवेश भाड्याने आणलेला, कमरेत दोन बोटं सैल, मागून सेफ्टी पिना. काका विंगेतून आला की तोंड उघडायच्या आधी टाळ्या पडायच्या. त्या काकाला नव्हत्या, गणवेशाला होत्या. माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

आता 'घरात शिरणारा'. २७ एप्रिल १९५९ ला कोण कुणाच्या घरात शिरलं? कावस नानावटी जेवणानंतर बायकामुलांना मेट्रो थिएटरला सोडतो, बोटीवर जातो, 'रात्री एकटाच गाडीने अहमदनगरला जायचंय' असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतो, आहुजाच्या ऑफिसात डोकावतो, तो नाही म्हटल्यावर सेटलवाड रोडवरच्या 'जीवनज्योत'मध्ये थेट त्याच्या बेडरूममध्ये. दुपारी दीडला घर सोडलं, चार वीसला गोळ्या झाडल्या. सुप्रीम कोर्टाने ही वेळ मोजून दाखवली आणि म्हटलं, एवढा वेळ डोकं थंड व्हायला पुरेसा होता. जन्मठेप कायम.

आणि सर्वात मोठी गोष्ट. 'मी जिच्या जिच्याशी झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करू काय?' हे आहुजाचं वाक्य या खटल्याबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. ते ऐकलं कुणी? बेडरूममध्ये दोघेच होते, त्यातला एक मेला. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर जमा असलेलं ते एकमेव वाक्य मारणाऱ्याने कोर्टात सांगितलेलं आहे! साठ वर्षं आपण ते त्याच्या तोंडी घालतोय आणि मग म्हणतोय, बरं झालं मेला.

---

दीपस्तंभ

वा. माझ्या चार ओळींवर तुम्ही एवढा प्रबंध लिहिलात, सत्कारच झाला म्हणायचा. नाटक मला माहीत नव्हतं, चूक मान्य. आता खूश?

पण सिनेमाच्या सुरुवातीला काल्पनिक असल्याची पाटी असते. नावं बदललेली, पावरी आणि मखिजा. ज्याला खटला हवाय त्याने निकालपत्र वाचावं. आम्ही तिकीट काढून गोष्ट बघायला जातो.

---

तिरकस_तात्या

पाटी काल्पनिकची आणि भिडतो मात्र सत्यघटना म्हणून. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. त्यात त्या सिनेमाने विमानवाहू नौकेच्या खरेदीतला भ्रष्टाचार घुसडलाय. बायकोच्या प्रियकराला मारलं हे पुरेसं भारदस्त वाटेना, मग देशासाठी मारलं. शेवटी निर्दोष, सलाम, पडदा. जन्मठेप गेली कुठे?

---

कलम_तीनशेदोन

दोघेही थांबा. इथे अजून कुणीतरी 'ही भारतातली शेवटची ज्यूरी केस' असं लिहिणार, म्हणून आधीच सांगतो: नाही. ज्यूरी (निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) नको ही शिफारस लॉ कमिशनने १९५८ मध्येच केली होती, म्हणजे खुनाच्या आधी. आणि ज्यूरी कायद्यातून पूर्ण गेली ती १९७३ च्या फौजदारी संहितेने. नानावटीच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. एवढंच. आणि पारशांच्या घटस्फोटात ज्यूरीसारखे प्रतिनिधी आजही बसतात. दर सहा महिन्यांनी हे टंकून बोटं झिजली.

---

अर्धवटराव

मला यातला टॉवेलचा मुद्दा कधीच पटलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आहुजा नुकताच न्हाऊन आलेला, कमरेला फक्त टॉवेल. नानावटी म्हणतो, झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. सरकारी बाजू म्हणते, झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता, तो अंगावर जसाच्या तसा होता. कोर्टाने हे धरलं.

मी गिरगावात चाळीत वाढलो. मोरी गॅलरीच्या टोकाला. वीस वर्षं टॉवेल गुंडाळून अख्ख्या मजल्यासमोरून चाललोय, एकदा उंदराच्या मागे धावलोय. खोचा नीट मारला असेल तर टॉवेल सुटत नाही. हे न्यायमूर्तींना कोण सांगणार? ते कधी चाळीत राहिले होते?

---

मास्तर_निवृत्त

राव, तुम्ही टॉवेल म्हणताय, पण तुमच्या चाळीत तो पंचा असणार. पंचा पातळ सुती, खोचा घट्ट बसतो, ओला झाला की अंगाला चिकटतो. नेपियन सी रोडवरचा श्रीमंत माणूस पंचा नेसेल का? टर्किश टॉवेल असणार. त्याचा खोचा दोन पावलांत ढिला होतो. कोर्ट बरोबर आहे.

---

अर्धवटराव

आमच्याकडे टॉवेलच होता. गरिबी काढू नका.

---

सोलापूरकर_९१

तीन पिढ्या टॉवेलचा धंदा आहे म्हणून बोलतो. टर्किश टॉवेल म्हणजे एकच प्रकार असतो का? वजनाला हलका घेतला तर खोचा बसतो. जड घेतला, त्यात कोरा असला तर खळ असते, सरकतो. चार धुण्यांनंतर तोच टॉवेल धरतो. त्या टॉवेलचं वजन किती, रुंदी किती, किती वेळा धुतलेला, हे कोर्टात कुणी विचारलं का? नाही. आणि त्यावर माणसाला जन्मठेप!

---

कलम_तीनशेदोन

टॉवेलवर जन्मठेप झालेली नाही हो. टॉवेल हा एक मुद्दा. खोटं सांगून घेतलेलं रिव्हॉल्व्हर हा दुसरा. ते ज्या खाकी पाकिटात घालून नेलं त्यावर त्याचं स्वतःचंच नाव होतं, आणि ते पाकीट तिथेच पडलेलं सापडलं. फ्लॅटमधल्या नोकरांची साक्ष आहे, सगळं मिनिटभरात आटोपलं. एवढ्यात झटापट बसवून दाखवा.

---

सोलापूरकर_९१

तुम्ही कायद्याचं बोला, टॉवेलचं आम्हाला बोलू द्या.

---

मास्तर_निवृत्त

काल कॉटवर उभं राहून प्रयोग केला. नातवाला धक्का द्यायला लावला. दुसऱ्या धक्क्याला सुटला. सूनबाई खोलीत आल्या. पुढचं सांगत नाही.

---

अर्धवटराव

तुमच्या पोटाचा घेर आणि आहुजाचा घेर यात फरक असेल, मास्तर.

---

मास्तर_निवृत्त

वैयक्तिक होऊ नका. वयाचा मान ठेवा. मी चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय, तुमच्यासारखे बाकावर उभे केलेत.

---

दीपस्तंभ

तात्यांच्या गंभीर धाग्याचा पार टॉवेल झाला. मज्जा आली.

तसं त्या वेळीही हेच झालं होतं म्हणा. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकली जायची. चार आण्यांचा 'ब्लिट्झ' साप्ताहिक दोन रुपयांना जायचा. त्याचे संपादक करंजिया यांनी पेपरातून कमांडरला हिरो केलं ते कुठल्याही सिनेमाच्या आधी. तात्या, तुमचा राग सिनेमावाल्यांवर का? सिनेमावाले नंतर आले.

---

तिरकस_तात्या

हे बरोबर आहे. लिहिताना दात खावे लागताहेत, पण बरोबर आहे. १९६४ मध्ये विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना माफी मिळाली, तीसुद्धा भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्याच्या माफीबरोबर, म्हणजे नानावटीचे पारशी आणि आहुजाचे सिंधी दोघांचं समाधान. पुढे नानावटी कुटुंब कॅनडाला गेलं. नाटक-सिनेमाने निकाल बदलला नाही, आधीच बदललेला निकाल दर काही वर्षांनी पुन्हा लावला. माझं म्हणणं एवढंच की त्यात आहुजा कुणाचा तरी भाऊ होता, हे कुणालाच सुचलं नाही.

---

रीळ_नंबर_सहा

'कुणालाच' म्हणू नका. २०१९ ची 'द व्हर्डिक्ट' वेबसिरीज बघा, त्यात त्याची बहीण मॅमी आहुजा चांगली ठसठशीत आहे, कुब्रा सैतने केलीय. मालिका रेंगाळते, इंग्रजीत विचार करून हिंदीत बोलल्यासारखे संवाद, पण बहीण आहे.

आणि गुलजारांचा 'अचानक', १९७३, विनोद खन्ना. एकही गाणं नाही. तिथे मेजर बायकोला आणि मित्राला मारतो आणि फाशी होते. पळताना गोळी लागते, डॉक्टर जिवापाड मेहनत करून त्याला वाचवतात. कशासाठी, तर फासावर जाण्यासाठी. टाळ्यांची सोयच ठेवलेली नाही. सुनील दत्त-लीला नायडूंचा १९६३ चा सिनेमाही याच खटल्यावर, तिथे हिरो नौदलातून उचलून वैमानिक केला. म्हणजे तुमचा गणवेशाचा सिद्धांत गणवेश बदलूनही टिकतो, एवढं मात्र देतो तुम्हाला.

---

तिरकस_तात्या

'अचानक' विसरलो, माझंच चुकलं. वेबसिरीज दोन भाग बघून सोडली होती. मॅमी पुढे येते हे माहीत नव्हतं.

---

दीपस्तंभ

स्क्रीनशॉट काढून ठेवला. तात्या 'माझंच चुकलं' म्हणाले. तारीख टाकून फ्रेम करतो.

---

मीरा_पु

इतके दिवस नुसती वाचत होते. टॉवेलचं वाचून हसलेही. पण दीपस्तंभ, 'आम्ही गोष्ट बघायला जातो' हे तुमचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मावशीला तिच्या नवऱ्याने मारलं. संशयावरून. मी सहावीत होते. गाव सांगत नाही, तालुका पण नाही. तिसऱ्या वर्षी गावच्या जत्रेत पोरांनी त्यावर नाटक बसवलं. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, अगदी तुमच्या पाटीसारखं. पण त्यातली बाई मोरपंखी साडी नेसलेली होती, आणि मावशीची मोरपंखी साडी सगळ्या गावाने पंचनाम्यात बघितलेली. साडी शोधून आणली होती हो कुणीतरी. तेवढी मेहनत घेतली होती.

आजोबांनी जत्रेची वर्गणी भरलेली, म्हणून पहिल्या रांगेत बसायला बोलावलं. आणि आजोबा गेले. नाही गेलो तर लोक म्हणतील, असं म्हणून गेले. नवऱ्याचं काम करणाऱ्या पोराने हात जोडून 'मी काय करणार होतो?' म्हटलं तेव्हा मागून शिट्ट्या आल्या. आजोबा उठले नाहीत. घरी येऊन चप्पल न काढता ओसरीवर बसून राहिले, ते मला अजून दिसतं.

तुम्ही लोक अचानक आणि रुस्तममध्ये कोण चांगला ते ठरवा. मला एवढंच सांगायचं होतं की पहिल्या रांगेत कधीकधी कुणीतरी बसलेलं असतं.

---

दीपस्तंभ

मीराताई, वाचलं. मूळ पोस्टमधलं 'धडा शिकवला पाहिजे' ते वाक्य काढून टाकतो. बाकीचं ठेवतो, सिनेमा मला आवडला तो आवडला.

---

कलम_तीनशेदोन

ताई, यावर कायदा कमी पडतो. मेलेल्या माणसाची बदनामी हा गुन्हा आहे, नाही असं नाही, पण जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू दाखवावा लागतो. जत्रेतल्या नाटकावर तो दाखवणार कोण?

---

मीरा_पु

खटला नकोच होता कुणाला. आजोबांना तर कुणी विचारलं असतं तर त्यांनी परवानगीसुद्धा दिली असती कदाचित. विचारलं नाही.

---

तिरकस_तात्या

ताई, एक विचारू का? नसेल सांगायचं तर राहू द्या. त्या नाटकात तुमच्या मावशीला काही संवाद होते?

---

मीरा_पु

नव्हते. साडीवाली बाई पहिल्या प्रवेशात एकदा रंगमंचावरून चालत जायची, तेवढंच. पुढे सगळं नाटक तिच्या फोटोसमोर. फोटोला हार घातलेला. फोटो कुठल्या तरी कॅलेंडरवरचा होता, दुसऱ्याच बाईचा.

---

सोलापूरकर_९१

टॉवेलच्या वजनाबद्दल मास्तरांना मोठा प्रतिसाद टंकून ठेवला होता. राहू दे.