मदत हवी आहे: व्हिटनी ह्यूस्टनची गाणी आणि त्यांची मूळ रूपं

नमस्कार मंडळी. व्हिटनीने गायलेली, पण तिच्याआधी दुसऱ्या कुणीतरी गायलेली गाणी मी जोडीजोडीने जमवते आहे. आधी मूळ, मग लगेच तिचं, असं ऐकायचं.

सुरुवात अर्थातच 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'पासून झाली. डॉली पार्टनचं 1974 चं मूळ गाणं इतकं साधं आहे की शेवटचं कडवं ती गात नाही, नुसतं बोलते. तिचा सहगायक पोर्टर वॅगनर याच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना तिने ते लिहिलं होतं, म्हणजे हा प्रियकराचा नव्हे, सहकाऱ्याचा निरोप! हे कळल्यावर मला ते गाणं वेगळंच ऐकू यायला लागलं. मध्ये 1975 मध्ये लिंडा रॉन्स्टॅटनेही ते गायलं. व्हिटनीचं 1992 चं, वाद्यांशिवाय सुरू होणारं, तुम्हा सगळ्यांना पाठ असेलच.

बाकी माझ्याकडे जमलेली: 'ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल' (जॉर्ज बेन्सन, 1977, मुहम्मद अलीवरच्या चित्रपटासाठी), 'आय अ‍ॅम एव्हरी वुमन' (चाका खान, 1978), 'ऑल द मॅन दॅट आय नीड' (लिंडा क्लिफर्ड, 1982). चाका खानचं मला व्हिटनीपेक्षा जास्त आवडतं, रागावू नका.

आता मदत हवी ती अशी. 'सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू' मेरिलिन मॅकू आणि बिली डेव्हिस यांनी 1978 मध्ये आधी केलं होतं. त्याची खरखर नसलेली, स्वच्छ प्रत कुणाकडे आहे का? तबकडी असेल तर घरी येऊन ऐकायचीही तयारी आहे. आणि यादीतून सुटलेलं एखादं गाणं आठवत असेल, तर मूळ गायकाच्या नावासकट नक्की सांगा.